नकली टोळीतला एमेट

माझा भाचा एमेट वोंद्रा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात होता. आमच्या प्रोसेक गावात एवढं एक वाक्य बोलावं, समोरचा माणूस खुर्ची ओढून जवळ बसतो. तो मैदानात किती वेळा उतरला हे मात्र कुणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेलं उकरून काढायची आमच्याकडे पद्धत नाही.

आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत दाबून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं करायचं. एमेटच्या वाट्याला चेंडूही नाही. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे भिंत धरून उभं राहायचं, अंगावर येणाऱ्याला थोपवायचं, बस्स. गावच्या शाळेत असताना त्याच्यासारखा दांडगा गडी पंचक्रोशीत नव्हता. विद्यापीठात गेला तर तिथे प्रत्येक पंचक्रोशीतला दांडगा गडी आलेला. ज्यांना संघानं बोलावून नेलं त्यांची फी माफ, राहणं-खाणं फुकट. एमेट आपल्या पायानं गेला होता. फी त्याचा बाप भरायचा. बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ मायलो. तो गॅसचा टँकर चालवतो.

गावात माझा कॅफे आहे. शनिवारी सामना असला की सगळं गाव लाल कपडे घालून माझ्याकडे जमतं, मोठ्या टीव्हीसमोर. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल मी आदल्या दिवसापासून करायला घेते. काचेवर एमेटचा फोटो चिकटवलेला असायचा. सामना सुरू झाला की मायलो खेळ बघायचाच नाही, खेळाच्या मागे काय आहे ते बघायचा.

"तो बघा! पाण्याच्या पिंपामागे! टोपी दिसली!"

"ते पिंपच आहे, मायलो," व्हर्नन म्हणायचा. हा व्हर्नन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसतो आणि उरलेला वेळ माझ्या कॅफेत लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो.

मला त्या पिंपाचा राग यायचा. मायलोला म्हणायचे, पोरगा तिकडे रोज अंग ठेचून घेतो, ते काय टीव्हीच्या कोपऱ्यात टोपी दाखवायला? पण एमेटला विचारलं तर तो हसायचा. "आत्या, मी रोज खेळतो. फक्त शनिवारी खेळत नाही."

ते खरंच होतं. असल्या पोरांची तिथे एक नकली टोळी असते. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्यासारखं या टोळीनं आठवडाभर खेळायचं, म्हणजे आपल्या मुख्य खेळाडूंना त्यांची सवय होते. प्रत्येकाला समोरच्या संघातला एकेक माणूस वाटून देतात. त्याचा आकडा अंगावर चढवायचा, त्याच्यासारखं उभं राहायचं, त्याच्यासारखं धावायचं, आणि मार मात्र स्वतःच्या अंगावर खायचा. शनिवार संपला की सोमवारी नवा माणूस. बाकीची पोरं हे काम वेठबिगारीसारखं उरकायची. एमेटचा मात्र त्यात जीव होता. लहानपणापासून तो नकल्याच. आमच्या चर्चमधल्या पाद्र्यांची शिंक, लिलाववाल्याचा सूर, माझं कमरेवर हात ठेवून ओरडणं, सगळं हुबेहूब. नक्कल कुणाची आहे ते सांगावं लागायचं नाही.

त्याची एक पद्धत होती. खेळताना माणूस कसा असतो ते सगळेच बघतात, असं तो म्हणायचा. तो बघायचा दोन डावांच्या मधला माणूस. पडल्यावर कसा उठतो, घाम कुठल्या हातानं पुसतो, कंटाळला की कुठल्या पायावर उभा राहतो. सामन्यांची चित्रफीत मागेपुढे करत तासन् तास बसायचा. तीन वर्षं त्यानं अशी कितीतरी माणसं अंगात घेतली आणि सोडली. कोच लोकांना तो मात्र ठाऊकही नव्हता. त्यांच्यातला एक, बर्डिक नावाचा, त्याला 'व्हंडर' म्हणायचा, तेही आठवलं तर.

चौथ्या वर्षी शरदात नदीपलीकडच्या संघाशी सामना होता. त्यांच्या भिंतीतला डावीकडचा गडी लेलँड प्रुइट. येत्या वसंतात तो पगार घेऊन खेळणाऱ्यांच्या, पैसेवाल्या संघात जाणार हे शेंबडं पोर सांगत होतं. त्या आठवड्यात एमेटला मिळाला लेलँड.

पुढचं सगळं मी ऐकलं ते त्याच्याच तोंडून, पण ते नंतर. आधी काय घडलं ते सांगते.

एमेट नेहमीसारखा चित्रफितीपुढे बसला. लेलँड पडला की उजवा तळवा जमिनीवर टेकून उठायचा आणि डावा पाय सरळ ठेवायचा, वाकवायचा नाही. डावांच्या मध्ये उभा असला की डाव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला. स्वतःच्या कोचच्या समोरून जायचं असलं की मुद्दाम दुडक्या चालीनं पळत जायचा. खेळात कुठे काही कमी नाही, त्याच्यासमोर कुणी टिकत नव्हतं. एमेटनं फार विचार केला नाही. त्याला माणूस पुरा उतरवायचा होता. सरावात त्यानं उजवा तळवा टेकला, डावा पाय सरळ ठेवला, चवडा टेकून उभा राहिला.

बर्डिकनं शिट्टी मारून सराव थांबवला.

"व्हंडर, लागलंय का तुला?"

"नाही, कोच."

"मग लंगडतोस कशाला?"

"मी नाही, कोच. तो लंगडतो."

बर्डिक जवळ आला, एमेटच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला तसाच चित्रफितीच्या खोलीत घेऊन गेला. वाटेत विचारलं, "तुझं नाव नीट सांग बघू, पोरा." एमेटनं सांगितलं. बर्डिकनं ते दोनदा घोळवून म्हटलं, बरोबर म्हटलं. मग एमेटनं त्याला गुडघा दाखवला. एकेक जागा, एकेक उठणं.

शनिवारी कॅफे भरून वाहत होता. आमचा सगळ्यात चपळ पोरगा दिवसभर लेलँडच्या डाव्या बाजूनं लांबून वळसा मारत होता. दर वेळी लेलँडला डाव्या पायावर रेटा देऊन मागे सरकावं लागायचं. वाईट काही नाही, नियमातलंच. सामना अर्ध्यावर गेल्यावर लेलँडनं तसाच रेटा दिला आणि तो खाली बसला. कुणी त्याला हातही लावला नव्हता. आमचा पोरगा मोकळ्या वाटेनं आत घुसला, चेंडू फेकणाऱ्याला धडकला, चेंडू उडाला, आमच्या हातात आला.

सगळा कॅफे उठून नाचला. मीही नाचले, हातातला चिली वाढायचा डाव तसाच धरून. मग टीव्हीवर लेलँड दिसला, गुडघा दोन्ही हातांनी धरलेला, तोंड गवतात. आम्ही सगळे खाली बसलो. त्याला गाडीवर घालून नेलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, रीतीप्रमाणे. आम्ही सभ्य माणसं आहोत.

सामना जिंकला. नंतर टीव्हीवर बर्डिक म्हणाला, "हा विजय आज नाही मिळाला. मंगळवारी सरावात एका पोरानं मिळवून दिला. त्याचं नाव एमेट वोंद्रा."

मायलो ढसाढसा रडला. व्हर्नननं त्याला चक्क मिठी मारली. लोकांनी माझ्या काचेवर खडूनं लिहिलं, 'एमेटनं जिंकून दिलं', आणि मी ते पुसलं नाही. मला अभिमानच वाटत होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात एमेट घरी आला. कॅफेत पाय ठेवला तर लोक उठून उभे राहिले. त्याच्यापुढे चिली ठेवली, रोल ठेवला. एमेटला लेलँडचा गुडघा दिसला होता एवढं मायलोनं फोनवर काढून घेऊन गावभर केलं होतं. व्हर्नन लांबूनच ओरडला, "या डॉक्टरसाहेब! माझा गुडघा बघता का? नको, नको, तुम्ही बघितलात की मोडतो!"

सगळे खो-खो हसले. एमेटही हसला. मग ताट तसंच ठेवून माझ्या स्वयंपाकघरात आला आणि मोरीवरची भांडी घासायला लागला. घासलेलं पातेलं त्यानं पुन्हा घासायला घेतलं तेव्हा मी ते हातातून काढून घेतलं.

"काय झालंय?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आत्या, त्याचा गुडघा पार गेला. आता तो खेळायचा नाही. पैसेवाले विचारणार नाहीत."

"त्याला लागलेलं होतं, एमेट. तो तसाच खेळत होता. आज नाही तर उद्या..."

"उद्या गेला असता. मी काल घालवला."

"अरे, खेळात हे असतंच. समोरच्याचं दुखणं कोण बघत नाही?"

"कुणीच बघितलं नव्हतं. तेच तर." त्यानं ओले हात पॅंटला पुसले. "बर्डिकनं विचारलं ना, तेव्हा मी म्हणू शकत होतो, सवय आहे माझी, पाय आखडलाय. त्यानं सोडून दिलं असतं. पण त्यानं सराव थांबवला होता गं. माझ्यासाठी. सगळे माझ्याकडे बघत होते. मला इतकं बरं वाटलं."

मला रडू येत होतं आणि रागही. राग बर्डिकचा, व्हर्ननचा, आणि ते खडूनं लिहिलेलं अजून काचेवर आहे म्हणून माझाही.

"मी त्याला जाऊन सांगणार आहे," एमेट म्हणाला.

"काय सांगणार?"

"की मी सांगितलं."

"त्यानं काय होणार आहे? त्याचा पाय बरा होणार आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्याला वाटत असेल आपलं नशीब. ते नशीब नव्हतं, मी होतो." जरा थांबून म्हणाला, "पण शेवटचा सामना झाल्यावर जाणार. कोच म्हणालेत, आपल्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात मला उतरवणार. आणि अजून एक वर्ष संघात ठेवून घेणार, फी माफ. आधी जाऊन सांगितलं आणि मला उतरावंसंच वाटलं नाही तर? मला उतरायचंय, आत्या. सांगायच्या आधी खेळून घ्यायचंय. बघ कसा आहे मी."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याची पाठ दगडासारखी कडक होती.

शेवटच्या सामन्याला अख्खं गाव गेलं, शाळेची बस करून. सामना हातात आल्यावर बर्डिकनं एमेटला आत पाठवलं. आमच्या रांगेत इतका आरडाओरडा झाला की पुढची माणसं वळून बघायला लागली. मायलोचा आवाज दोन आरोळ्यांतच बसला. मी डोळे फाडून बघत होते. एमेट चांगला खेळला हो. आतापर्यंत कुणाकुणाचं खेळला होता, त्या दिवशी स्वतःचं खेळला. त्याच्या बाजूनं एक माणूस आत गेला नाही. समोरचा पोरगा एकदा आपटून पडला तर एमेटनं आधी त्याला हात देऊन उठवलं आणि तो कसा उभा राहतोय ते खाली वाकून बघितलं. लोकांना वाटलं, काय हा दिलदार मुलगा. मी तेवढी ओरडायची थांबले.

सामना संपल्यावर वाहनतळावर सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. एकाही फोटोत तो हसत नाही. मायलो म्हणत राहिला, दमलाय पोरगा, दमलाय. एमेटनं मला बाजूला घेतलं.

"उद्या येशील माझ्याबरोबर? बाबांना सांगू नकोस."

"त्याला कळवलंस?"

"निरोप पाठवला. भेटायला येऊ का म्हणून. ये म्हणाला."

"कशाला ते सांगितलंस?"

"नाही."

रविवारी सकाळी निघालो. मी दालचिनीच्या रोलचा ट्रेभर घाणा करून घेतला. ज्या घराचं आपण असं वाटोळं केलं तिथे काय घेऊन जायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मयताच्या घरी आम्ही भांडंभर काहीतरी घेऊन जातो, म्हणून तेच केलं. गाडीत एमेट ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. नदीच्या पुलावर म्हणाला, "परत जाऊ या का?" मी गाडीचा वेग कमी केला नाही.

लहानसं घर. दारातच पिवळी शाळेची बस उभी. लेलँडची आई ऑडेलबाई ती चालवायच्या. उंच, धिप्पाड, हाताला जोर असावा अशी बाई. दार उघडलं आणि त्यांनी एमेटला सरळ छातीशी धरलं.

"जिंकलेल्या संघातलं कुणी चौकशीला आलं नाही रे," त्या म्हणाल्या. "तू पहिला. तुझ्या आईवडिलांनी चांगलं वळण लावलंय."

एमेटनं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

लेलँड सोफ्यावर आडवा होता, डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत आवळलेला, उशांवर उंच ठेवलेला. टीव्हीवर मैदानात दिसायचा त्यापेक्षा खूपच लहान दिसला मला, पोरगेला. "बस ना," तो म्हणाला. एमेट बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगून टाकलं. गाडीत पाठ केलेलं सगळं विसरला, नुसतं सांगितलं. मी नकली टोळीत होतो, त्या आठवड्यात मी तू होतो, मला तुझा गुडघा दिसला, मी कोचला सांगितलं.

लेलँडनं कोपरावर टेकून अंग जरा वर उचललं. मग म्हणाला, "कुठे दिसला?"

"उठताना. उजवा तळवा टेकायचास."

"आणखी?"

"चवड्यावर उभा राहायचास. आणि कोचपुढून पळत जायचास."

"आरशापुढे शिकलो होतो मी ते," लेलँड म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की काय होतं मला सांगता येत नाही. "नीट चालायला. तास तास उभा राहून. आमच्या डॉक्टरला कळलं नाही. कोचला कळलं नाही. आणि तू तिकडे बसून..."

"कसा उठायचा?" ऑडेलबाईंनी मध्येच विचारलं. त्या एमेटकडे बघत होत्या. "दाखव."

"आई, नको," लेलँड म्हणाला.

"तू गप्प बस. तू दाखव रे."

एमेटनं माझ्याकडे बघितलं. तो खाली गालिच्यावर बसला, बाजूवर कलंडला, उजवा तळवा टेकला, डावा पाय सरळ लांब ठेवून एका अंगानं वर आला, आणि उभा राहताना डाव्या पायाचा चवडा तेवढा टेकला. त्या खोलीत क्षणभर दोन लेलँड होते.

"पुन्हा," ऑडेलबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा केलं.

ऑडेलबाई हळूच खुर्चीत बसल्या. "असाच उठायचा तो," त्या म्हणाल्या. "या सोफ्यावरून. उन्हाळ्यात घरी होता तेव्हापासून. आणि मी ओरडायचे. म्हाताऱ्यासारखा काय उठतोस, ऊठ पटकन, मला बस काढायचीय."

"मी लपवत होतो, आई. तुला कसं कळणार?"

"ह्यानं तर तुला कधी पाहिलंही नव्हतं. ह्याला कळलं." त्या एमेटकडे वळल्या. "माझ्या पोराला दुखतंय हे कळलेला जगात एकच माणूस होता. आणि तो तुमच्या बाजूला होता."

एमेटनं मान खाली घातली. "मला..." तो म्हणाला.

"माफी मागू नकोस. माझ्याच्यानं आत्ता ते व्हायचं नाही. खोटं हो म्हणणार नाही मी." त्यांनी माझ्या हातातला रोलचा ट्रे घेतला. "बसा दोघं. आलाच आहात तर कॉफी घेऊन जा."

त्या आत गेल्या. एमेट सोफ्याजवळ गालिच्यावरच बसला. त्याला खुर्ची घ्यायचं धाडस झालं नसावं. लेलँड छताकडे बघत होता. आत कपबशा वाजत होत्या.

"ए," लेलँड म्हणाला. "आधीचं येतं का तुला?"

"आधीचं?"

"लागायच्या आधीचं. मागच्या वर्षीचं. पडल्यावर कसा उठायचो मी? बऱ्या पायानं?" त्यानं पहिल्यांदाच मान वळवून एमेटकडे बघितलं. "मला आता आठवतच नाही. इतके दिवस लपवण्यात गेले ना. तेवढं दाखव ना."

एमेटनं त्याच्या पट्ट्यांत आवळलेल्या पायाकडे बघितलं.

"ते मी पाहिलंच नाही," तो म्हणाला. "मी फक्त दुखरा गुडघा पाहिला."

लेलँडनं मान पुन्हा छताकडे वळवली. ऑडेलबाई कॉफी घेऊन आल्या, आम्ही ती प्यायलो, आणि निघायची वेळ झाली. मी उठले. एमेट खाली बसूनच होता. मायलेक दोघंही त्याच्याकडे बघत होते. त्यानं उजवा हात खाली टेकला, झटकन उचलला, डावा टेकला, तोही उचलला. शेवटी मीच पुढे होऊन त्याला हात दिला.